डाळिंबावरील तेल्याचे जैविक नियंत्रण: काय साधते, काय साधत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हातकणंगले तालुक्यात आपली दोन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे आणि बांधाला कागदी लिंबाची काही झाडे आहेत. गेल्या हंगामात आपण मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांचे पीक, धरला. पानांवर तेल्या रोगाचे तेलकट ठिपके दिसू लागल्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक न वापरता दर आठवड्याला स्युडोमोनास हा उपयुक्त जिवाणू फवारला, तरीही निम्म्याहून अधिक फळे तडकून गेली. त्यामुळे फळबागेतील जिवाणूजन्य रोगांचे जैविक नियंत्रण खरोखर होते, की तो केवळ बाटल्या खपवण्याचा प्रकार आहे, असे आपण विचारले आहे.

जैविक नियंत्रण होते, परंतु ते औषधाच्या रीतीने होत नाही. रोगकारक जिवाणूची संख्या वाढण्यापूर्वी उपयुक्त जिवाणू झाडावर आणि मुळांभोवती स्थिरावलेला असेल, तरच त्याचा उपयोग होतो. आपण फवारणी सुरू केली ती ठिपके दिसल्यानंतर, म्हणजे उपयुक्त जिवाणूला करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते तेव्हा. उत्पादन उत्तम दर्जाचे असते तरी निकाल फार वेगळा लागला नसता, असे मला वाटते.

तेल्या हा झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस पॅथोवार (रोगप्रकार) प्युनिसी या जिवाणूमुळे होतो. अलीकडे त्याची गणना झँथोमोनास सिट्री या प्रजातीत केली जाते. तो पर्णरंध्रांतून, फळावरील सूक्ष्म छिद्रांतून आणि काटे, किडी किंवा छाटणीमुळे झालेल्या जखमांतून आत शिरतो आणि पेशींच्या मधल्या पोकळीत वाढतो. आपल्याला तेलकट ठिपका दिसतो तेव्हा पानाच्या आत त्याची वाढ बरीच पुढे गेलेली असते. पानाच्या पृष्ठभागावर फवारलेला स्युडोमोनास त्या पोकळीत पोचत नाही. त्यानंतर पावसाचे थेंब त्या ठिपक्यांतील जिवाणू शेजारच्या पानांवर आणि फळांवर उडवत राहतात. २५ ते ३० अंश तापमान, ढगाळ हवा आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता ही परिस्थिती त्याला सर्वांत अनुकूल असते. आपल्या पूर्व भागात पाऊस पश्चिमेकडील तालुक्यांपेक्षा पुष्कळ कमी असला, तरी जून ते सप्टेंबर या काळात हवा अशीच असते. शिवाय चहूबाजूंनी ऊस असलेल्या डाळिंबाच्या बागेत सकाळी उशिरापर्यंत पाने ओली राहतात. हे मी वडगाव, शिरोळकडील बागांत नेहमी पाहतो. आटपाडी, जत किंवा सांगोल्याच्या माळावरील बागेला जो मोकळा वारा मिळतो तो आपल्या काळ्या जमिनीतल्या बागेला मिळत नाही, म्हणून तिकडचे वेळापत्रक जसेच्या तसे इकडे आणू नये.

जैविक नियंत्रणावरचा आपला विश्वास पूर्ण उडू नये म्हणून दोन उदाहरणे सांगतो, कारण ते कोठे यशस्वी होते हे कळल्याशिवाय ते तेल्यावर अपुरे का पडते हे नीट समजत नाही.

पहिले उदाहरण मुळांवर व खोडाच्या बुंध्यावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूचे आहे. पीच, बदाम, गुलाब अशा झाडांवर हा रोग फार त्रास देतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे ॲलन केर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की त्याच जिवाणूचा निरुपद्रवी भाऊबंद असलेला के-८४ नावाचा वाण पाण्यात कालवून रोपांची मुळे त्यात बुडवली आणि मग लागवड केली, तर गाठी येत नाहीत. के-८४ हा ॲग्रोसिन-८४ नावाचे द्रव्य तयार करतो आणि ते रोगकारक वाणाला मारते. पुढे एक धोका लक्षात आला. हे द्रव्य तयार करण्याची व त्यापासून बचाव करण्याची जनुके ज्या प्लाझ्मिडवर (जिवाणूतील डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतात, ते प्लाझ्मिड रोगकारक जिवाणूकडे गेले तर रोगकारकच प्रतिकारक्षम होईल. म्हणून ते हस्तांतरण होऊ न देणारा के-१०२६ हा सुधारित वाण तयार करण्यात आला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात त्याला वापराची परवानगी मिळाली. या यशामागची परिस्थिती मात्र लक्षात घ्यावी. रोगाचा प्रवेश लागवडीच्या वेळी झालेल्या जखमांतून होतो, ती वेळ आपल्याला आधी ठाऊक असते, ती जागा बुडवता येण्याइतकी लहान असते, आणि एकदाच केलेला उपाय पुरतो. तरीही द्राक्षावर गाठी आणणाऱ्या वाणांवर के-८४ चालत नाही, आणि गाठ आल्यानंतर तर तो कोणत्याच झाडावर चालत नाही.

दुसरे उदाहरण सफरचंद आणि नाशपातीवरील अर्विनिया ॲमायलोव्होरा या जिवाणूच्या करप्याचे आहे. हा जिवाणू प्रथम फुलाच्या कुक्षीवर वाढतो आणि पावसाने किंवा दवाने खाली मधुग्रंथीपर्यंत वाहून गेल्यावर आत शिरतो. म्हणून अमेरिकेत फुलोऱ्याच्या काळात स्युडोमोनास फ्लुरोसन्सचा ए-५०६ हा वाण किंवा ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स ही यीस्टसारखी बुरशी फुलांवर फवारतात. कुक्षीवरील जागा आणि तेथील अन्न आधीच व्यापले गेले, की रोगकारकाची संख्या धोक्याच्या पातळीपर्यंत जात नाही. येथेही मुदत ठरलेली आहे, फुलोऱ्याचे मोजके दिवस, आणि जागाही ठरलेली आहे.

तेल्याच्या बाबतीत अशी एकच मुदत किंवा एकच जागा नाही. कोवळी पाने, पेरे, कळ्या, लहान फळे, पक्व होत आलेली फळे असे सर्वच भाग महिनोन्महिने उघडे असतात आणि प्रत्येक पावसाबरोबर नवी लागण होऊ शकते. म्हणून के-८४ सारखे यश तेल्यावर कोणी मिळवून देतो म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. योग्य वेळी वापरलेले जैविक घटक रोगाचे प्रमाण कमी करतात आणि पुढच्या प्रसाराचा वेग मंदावतात. माझी अपेक्षा तेवढीच असते, आणि व्यवस्थापनाच्या इतर कामांशी ती जोडली गेली तर तेवढे पुरेसे ठरते.

आता हे घटक काम कसे करतात ते पाहू. स्युडोमोनास फ्लुरोसन्स लोह पकडून ठेवणारी द्रव्ये सोडतो, त्यामुळे शेजारच्या जिवाणूंना लोह अपुरे पडते. त्याचे काही वाण प्रतिजैविक द्रव्येही तयार करतात. बॅसिलस सबटिलिस हा सर्फॅक्टिन, इटुरिन यांसारखी द्रव्ये सोडतो. परंतु डाळिंबासाठी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिसरे काम. हे जिवाणू मुळांवर वसले, की झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि पुढे पानावर रोगकारक आला तर झाड अधिक लवकर व अधिक जोरात प्रतिकार करते. हा परिणाम झाडाच्या आतून होत असल्याने तो पावसाने धुऊन जात नाही. मात्र तो दिसायला काही दिवस जावे लागतात, आणि आधीच आजारी, ताणाखालच्या किंवा युरियाने लुसलुशीत झालेल्या झाडात तो क्षीण असतो. उसाला नत्र देण्याची सवय असलेल्या हाताने डाळिंबालाही तसेच नत्र दिले जाते, ही आपल्या भागातील मोठी अडचण आहे. कोवळी, रसरशीत फूट तेल्याला सर्वांत आधी बळी पडते.

म्हणून माझा आग्रह असा, की जैविक नियंत्रणाची सुरुवात फवारणी पंपाने न करता जमिनीपासून करावी. बागेच्या विश्रांतीच्या काळात चांगल्या कुजलेल्या शेणखतात एकरी दोन ते अडीच किलो स्युडोमोनास आणि तितकेच बॅसिलस मिसळून, सावलीत, ओलावा राखून आठ-दहा दिवस ठेवावे. मग ते ठिबकच्या ओल्या पट्ट्यात, मुळांच्या कक्षेत द्यावे आणि वाफसा टिकवावा. प्रमाणाबाबत लेबलवरील सूचना वेगळी असेल तर तीच पाळावी. बहाराचे पाणी सुरू केल्यानंतर एकदा आणि फळधारणेच्या सुमारास पुन्हा एकदा आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळांशी ओतावे. फवारणी नवी पालवी दिसू लागताच, म्हणजे एकही ठिपका नसताना सुरू करावी आणि दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने पुढे न्यावी. ती सायंकाळी करावी, कारण दुपारच्या उन्हातील अतिनील किरणे आणि कोरडी हवा पानावरील जिवाणू फार लवकर मारतात. दोन घटकांपैकी एकच परवडत असेल तर मी बॅसिलस निवडेन. तो बीजाणू तयार करतो, त्यामुळे उष्णता, साठवण आणि कोरडेपणा तो सोसतो. स्युडोमोनासला ती सोय नाही. भुकटीतील त्याच्या जिवंत पेशी काही महिन्यांतच झपाट्याने घटतात, आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात एप्रिल-मे काढलेले पाकीट असेल तर त्यात बहुधा शंखजिऱ्याखेरीज फारसे काही उरलेले नसते.

ट्रायकोडर्माबद्दल येथेच सांगतो. ती बुरशी आहे आणि तिचे मुख्य काम मुळांवरील बुरशीजन्य रोगांविरुद्ध चालते. मर रोगाच्या व्यवस्थापनात तिला स्थान आहे, पण पानाफळांवरील तेल्यासाठी ट्रायकोडर्मा फवारण्यात मला अर्थ दिसत नाही.

या सर्वांपेक्षा बहाराचा निर्णय मोठा आहे. ज्या बागेत तेल्या येऊन गेला आहे, त्या बागेत मृग बहार धरणे म्हणजे फळवाढीचा संपूर्ण काळ पावसाच्या स्वाधीन करणे होय. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने रोगग्रस्त बागांसाठी हस्त बहाराचाच, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलांच्या पिकाचाच, आग्रह धरला आहे. त्यात ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा धोका असतो, पण त्यानंतर फळ वाढते ते कोरड्या हवेत. आपल्या भारी जमिनीत सप्टेंबरमध्ये ताण (फुले येण्यासाठी झाडाचे पाणी तोडणे) बसत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी गादीवाफ्यावरील लागवड, सऱ्यांतून पाण्याचा निचरा आणि हलकी छाटणी यांचा आधार घ्यावा लागतो, आणि फुले थोडी उशिरा आली तरी चालतात असे समजून पुढे जावे लागते. मृग बहाराच्या फळाला मिळणारा दर पाहून मोह होतो हे मी जाणतो, परंतु आपल्या बागेला यंदा तो मोह परवडणारा नाही.

स्वच्छतेचा भागही टाळता येत नाही. हा जिवाणू गळलेल्या पानांत सुमारे चार महिने आणि फांद्यांवरील, विशेषतः पेऱ्यांवरील खोलगट जखमांत त्याहून अधिक काळ तग धरतो. बहार संपल्यावर तीन-चार महिने विश्रांती द्यावी. रोगट फांद्या ठिपक्यांच्या दोन इंच खाली कापाव्यात, कापांवर दहा टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याची) लावावी, आणि सर्व पाला, तडकलेली फळे व काड्या वेचून बागेबाहेर नेऊन जाळाव्यात. ती फळे बांधावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. छाटणी करणारी टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते तेव्हा तिच्या कात्रीबरोबर तेल्याही जातो, म्हणून आपल्या कात्र्या आपणच ठेवाव्यात.

येथे एक विसंगती उभी राहते आणि बहुतेक शेतकरी तिथेच चुकतात. बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांबेयुक्त (कॉपर) औषधे जिवाणूंनाही मारतात, आणि त्यांना आपला जिवाणू व परका जिवाणू यांतील भेद कळत नाही. जमिनीवर टाकलेल्या ब्लीचिंग पावडरलाही तो कळत नाही. बागेत दिल्या जाणाऱ्या वेळापत्रकांत सोमवारी स्युडोमोनास आणि गुरुवारी कॉपर असे सर्रास लिहिलेले असते. अशा बागेत जैविक घटकांवर केलेला खर्च पूर्ण वाया जातो. म्हणून दोन्हींचे काळ वेगळे ठेवावेत. छाटणीनंतर व विश्रांतीत बोर्डो आणि आवश्यक तर ब्लीचिंग, त्यानंतर किमान आठ-दहा दिवस मोकळे, आणि मग शेणखतातून व नव्या पालवीवर जैविक घटक, असा क्रम असावा. हंगामात रोग दिसलाच आणि सलग पावसाचा अंदाज असेल तर संकोच न करता कॉपर वापरावे, कारण त्या स्थितीत जैविक फवारणीवर अडून राहणे म्हणजे फळ घालवणे आहे. पाऊस उघडल्यावर तेवढेच अंतर ठेवून जैविक घटक पुन्हा सुरू करावेत. फवारणीची टाकी, नळ्या आणि नोझल स्वच्छ धुतलेले असावेत हे वेगळे सांगायला नको. पाणी क्लोरीन टाकलेले असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून मगच वापरावे. ठिबकला क्लोरीनची किंवा आम्लाची प्रक्रिया केल्यानंतर लगेच त्याच नळ्यांतून जिवाणू सोडू नयेत.

स्ट्रेप्टोसायक्लिन न वापरण्याचा आपला निर्णय योग्य होता, आणि फळे गेली म्हणून तो बदलू नये. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन प्रतिजैविके असतात. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरील औषध आहे. नाशपातीवरील अर्विनियात स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे वाण कॅलिफोर्नियात १९७१ सालीच आढळले होते, आणि अमेरिकेने सेंद्रिय सफरचंद-नाशपातीसाठी या दोन्ही प्रतिजैविकांची सवलत ऑक्टोबर २०१४ मध्ये संपवली. आपल्याकडेही केंद्र सरकारने शेतीतील त्यांच्या वापरावर बंदी घालण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढला. यापलीकडे बागायतदाराच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. प्रतिजैविकाची फवारणी पानावरील आणि जमिनीतील उपयुक्त जिवाणूंनाही संपवते, आणि रिकाम्या झालेल्या पानावर पुढच्या पावसात सर्वांत आधी पोचतो तो बहुधा तेल्याच. कॉपरचेही अतिरेकी फवारे अंतिम उत्तर नाहीत. अर्जेंटिनात लिंबूवर्गीय फळांवरील खैऱ्याचे कॉपरला प्रतिकारक्षम वाण १९९० च्या दशकात सापडले, आणि तांबे जमिनीत साठत जाते ते वेगळेच.

गुळाच्या पाण्यात स्युडोमोनास वाढवण्याबद्दल आपण विचारले आहे. आपल्या जिल्ह्यात गूळ आणि ताक घरचेच असल्याने दोनशे लिटरच्या पिंपात थोडी भुकटी टाकून आठवडाभर ढवळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. माझे मत स्पष्ट आहे: असे द्रावण पानाफळांवर फवारू नये. उघड्या पिंपात गुळावर सर्वच सूक्ष्मजीव वाढतात, त्यांत यीस्ट व आम्ल तयार करणारे जिवाणू सर्वांत पुढे असतात, सामू खाली जातो आणि स्युडोमोनास मागे पडतो. वास चांगला येतो म्हणून द्रावण चांगले आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय पानावर राहिलेली साखर कोणाच्या उपयोगी पडेल हे आपल्या हातात राहत नाही. जमिनीत ओतायचे असेल तर सेंद्रिय पदार्थ म्हणून त्याचा थोडा लाभ होईल, परंतु त्याला जैविक नियंत्रण म्हणू नये. विकत घेताना पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, वाणाचे नाव, उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख आणि ग्रॅममागे जिवंत पेशींची संख्या पाहावी. ती संख्या किमान दहा कोटी असावी. नुसते ‘जैविक’, ‘तेल्या स्पेशल’ असे छापलेल्या बाटलीत काय आहे हे विक्रेत्यालाही सांगता येत नसेल, तर ती घेऊ नये. शंका असल्यास कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पाकीट दाखवून विचारावे.

अलीकडे ‘फेज’ या नावाचीही चौकशी होते. बॅक्टेरियोफेज म्हणजे केवळ जिवाणूंना मारणारे विषाणू. त्यांचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक फेज ठरावीक जिवाणूच्या ठरावीक वाणांवरच तुटून पडतो आणि उपयुक्त जिवाणूंना धक्का लावत नाही. टोमॅटो व मिरचीवरील झँथोमोनाससाठी असे उत्पादन अमेरिकेत २००५ मध्ये नोंदले गेले. मात्र उन्हात फेज काही तासांत निष्क्रिय होतात आणि रोगकारक जिवाणू त्यांनाही प्रतिकारक्षम होऊ शकतो, म्हणून अनेक फेजांचे मिश्रण सायंकाळी फवारावे लागते. तेल्याच्या दृष्टीने ही दिशा मला सर्वांत आशादायक वाटते. तरी आज कोणी दुकानात त्या नावाने काही विकू लागला, तर तेथेही नोंदणी क्रमांक आधी मागावा.

बांधावरील लिंबांचा विषय सोपा आहे. त्यांवरील खडबडीत, पिवळी कडा असलेले ठिपके हा खैरा आहे. तो झँथोमोनास सिट्रीमुळेच होतो, पण त्याचा प्रकार वेगळा असल्याने तो डाळिंबावर तेल्या आणत नाही. कागदी लिंबू या रोगाला फारच संवेदनशील आहे. कोवळ्या पानांत नागमोडी बोगदे करणाऱ्या पाने पोखरणाऱ्या अळीच्या जखमांतून खैरा भराभर पसरतो, म्हणून येथे जैविक नियंत्रणाचा खरा लक्ष्यबिंदू ती अळी आहे. नव्या पालवीवर निंबोळी अर्क फवारावा, आणि अळीवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या टिकाव्यात म्हणून तीव्र कीटकनाशके टाळावीत. रोगट फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटून बोर्डो मारावा.

शेवटी एक विनंती. यंदा हस्त बहार धरल्यावर स्वच्छता आणि कॉपरचे उपाय सर्व बागेत सारखेच करावेत, परंतु बागेच्या मध्यभागी दोन ओळी जैविक घटकांशिवाय ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवतीच्या ओळींत जैविक घटक नियमित द्यावेत. दोन्ही भागांतील काही झाडांना चिंध्या बांधून, फळ लिंबाएवढे झाल्यापासून दर पंधरवड्याला त्या झाडांवरील एकूण फळे आणि ठिपके आलेली फळे मोजून वहीत तारखेसह लिहावीत. पाऊस पडला तो दिवसही लिहावा. तोडणीनंतर ती वही घेऊन या. आपल्या जमिनीत, आपल्या हवेत या खर्चातून किती फळे वाचली हे त्या आकड्यांवरून ठरवू आणि पुढच्या बहारात कोणता घटक ठेवायचा, कोणता सोडायचा हेही त्याच वेळी ठरवू.